कालोलाइनेची चूल

कालोलाइनेच्या घरातून धूर निघायचा थांबला त्याला चार वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्या चार वर्षांत तिच्याइतकं चांगलं मोतुहिफो बेटावर कुणी जेवत नव्हतं. सकाळी शेजारची वाइओला कोनफळाच्या उकडलेल्या फोडी घेऊन यायची. दुपारी पाद्रीबाईंकडून काहीतरी झाकून यायचं. कुणाच्या होडीला मोठा मासा लागला की त्यातला डोक्याकडचा तुकडा, नारळाच्या दाट दुधात शिजवलेला, न मागता दारात हजर. त्यात ती निम्म्या गावाची आत्या. आमच्या टोंगात बापाच्या बहिणीचा मान बापापेक्षाही मोठा. ती ‘बस’ म्हणाली की भाच्यांनी बसायचं, ‘दे’ म्हणाली की द्यायचं, आणि तिच्यापुढे ‘पण’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. लग्न असो की मयत, पहिलं ताट आत्याचं.

नवरा सामिसोनी गेला तेव्हापासून तिने चुलीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. उमूचं तर विचारूच नका. खड्ड्यात दगड तापवायचे, पानांत बांधलेलं अन्न त्यावर ठेवायचं, वरून माती ओढायची आणि चर्चहून येईपर्यंत विसरून जायचं, हे काम पुरुषाचं. आणि तिच्या घरात आता पुरुष नव्हता. त्या खड्ड्यात आता कोंबड्या अंडी घालत.

कालोलाइने आळशी मात्र नव्हे. चर्चच्या मागच्या छपरात चारपाच जणी केवड्याच्या पानांच्या चटया विणत बसत, त्यांत तिचा हात सगळ्यात सफाईचा. पण हात चटईवर आणि मन भलतीकडे, अशी तिची तऱ्हा. छपराच्या कडेला समुद्र उन्हात नुसता पसरलेला असायचा, पानं एकमेकांखालून सरकताना सळसळायची, आणि ती सळसळ ऐकता ऐकता तिचे डोळे अर्धे मिटायचे. मग सामिसोनी यायचा. तो काही विशेष बोलायचा नाही. जाळं दुरुस्त करत बसायचा, मध्येच ‘आज वारा बरा नाही’ म्हणायचा. कुणी हाक मारली की पाण्याखालून वर यावं तशी ती दम घेत वर यायची, आणि बायका हसायच्या. “आली गं आली,” वाइओला म्हणायची, “काय म्हणतोय तो?”

अशाच एका दुपारी तिची भाची सिलिआ राजधानीच्या बोटीतून उतरली. भाऊ पाउला न्यूझीलंडमध्ये सफरचंदं तोडायला गेलेला, त्याची ही थोरली. कमरेला रीतीप्रमाणे मानाची चटई गुंडाळलेली, खांद्याला सरकारी पिशवी, पिशवीत तोलायचा आकडीचा काटा आणि वह्या. घराघरांत कोण काय खातं याची मोजणी करायला तिला पाठवलं होतं. काही वर्षांनी एकदा ही माणसं यायची. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची आणि दोन आठवडे रोज जाऊन त्या घरातलं अन्न तोलायची. कालोलाइनेचं घर मागे चिठ्ठीत निघालं होतं, दोनदा तोललंही गेलं होतं, आणि एकदा निघालेलं घर पुढेही बघायचं असा त्यांचा नेम होता.

“नेमकं मोजतेस तरी काय गं?” वाइओलाने विचारलं.

“गरिबी, मावशी,” सिलिआ म्हणाली, आणि शब्द फार मोठ्याने निघाला असं वाटून तिने आवाज उतरवला. “म्हणजे असं, माणसाला दिवसभर हिंडाफिरायला बळ लागतं. तेवढं बळ देणारं अन्न किती, ते बाजारात केवढ्याला पडेल, हे काढतात. त्यावर कापडचोपड, साबण, शाळा. झाली एक रेघ. ज्या घराचा माणशी खर्च त्या रेघेच्या खाली, ते गरीब. काही वर्षांनी पुन्हा यायचं, भाव वाढले असतील तशी रेघ वर सरकवायची, आणि बघायचं कोण वर चढलं, कोण खाली आलं.”

“आणि नारळ? तो काय आम्ही विकत घेतो?”

“त्याचीही किंमत धरतो. विकत घेतला असता तर काय पडलं असतं, तेवढी.”

“मग माझ्या नवऱ्याचीपण धर,” वाइओला म्हणाली, “विकला असता तर काय आलं असतं ते तरी कळू दे.”

“बोटीचं भाडं निघायचं नाही,” पलीकडची म्हणाली, आणि छप्पर हसून हसून हललं.

हसणं ओसरल्यावर कालोलाइनेने पान दाताने फाडलं आणि विचारलं, “माझ्याकडे उद्या येतेस ना?”

सिलिआ काट्याच्या आकडीशी चाळा करू लागली. “आत्या, आमच्यात घर म्हणजे भिंती नव्हे. एका चुलीवरचं जेवतात ते एक घर. तुमची चूल तर पेटत नाही. तुम्ही जेवता ते वाइओलामावशींच्या चुलीवरचं.”

“वाइओलाच्या, पाद्रीबाईंच्या, झालंच तर होडीवाल्यांच्या.”

“हो. जास्तीचं मावशींच्या, म्हणून तुमचं नाव त्यांच्या घरात धरायचं. पण त्यांचं घर चिठ्ठीत निघालेलं नाही.”

“मग माझ्या घरापुढे काय लिहिणार?”

“घर मिटलं, असं लिहितात.”

बायकांचे हात थांबले. कालोलाइनेचे मात्र चालूच राहिले. एक पान वर, एक खाली. विणता विणताच ती म्हणाली, “मागच्या दोन वेळी सामिसोनीने मासे खाल्ले, ते तुम्ही तोलले होते. त्याचं काय झालं?”

“ते आहे ना. ते कधीच टाकत नाही. त्याच्याशीच तर आताचं ताडून बघायचं असतं.”

“आणि आताचं नसलंच तर?”

“मग जुनं तसंच पडून राहतं, आत्या. बाजूला.”

त्या संध्याकाळी वाइओलाने आणलेला मासा कालोलाइनेने खाल्ला, पण तिला त्याची चव लागली नाही. ती दारात बसून राहिली. भरती येत होती आणि पाणी इतकं शांत की चढतंय हे कळतही नव्हतं. तिला वाटलं, राजधानीत कुठेतरी एक लांबच लांब सावलीचं घर असेल. त्यात सगळ्या बेटांची घरं ओळीने मांडलेली असतील, मुठीत मावतील एवढाली. प्रत्येकातून बोटभर धूर निघत असेल. त्यांतल्या एकात सामिसोनी काट्याला लटकलेल्या माशाकडे बघून म्हणत असेल, ‘मासा कसला तोलतोस बाबा, माझी भूक तोल’. तो खरंच असं म्हणाला होता, आणि तोलणारा मुलगा लाजला होता. आता कुणीतरी येणार, ते घर उचलणार आणि बाजूला नेऊन ठेवणार. तो विचारेल, कालो कुठे आहे? आणि कुणाला सांगता येणार नाही, कारण कालो वाइओलाच्या घरात धरलेली, आणि ते घर तर त्या ओळीतच नाही. तिला रडू आलं. चार वर्षांत इतकं रडू आलं नव्हतं.

सकाळी तिने सिलिआला बोलावून घेतलं. “उद्यापासून काटा घेऊन ये. माझी चूल पेटणार आहे.”

“आत्या, प…” सिलिआने शब्द अर्ध्यातच गिळला. मोजायला माणूस आलं म्हणून पेटलेली चूल खरी की खोटी, हा प्रश्न तिला पडला होता. नियमाच्या वहीत त्याचं उत्तर नव्हतं; वहीत एवढंच होतं की चूल पेटते का ते बघा. “बरं. ताटं आली तरी चालतील बरं का. चूल तुमची असली की आलेलं ताट ‘आलं’ म्हणून लिहितो, आणि त्याचीही किंमत धरतो.”

“काही नको. आज ताट घेतलं की उद्या तुझा साहेब म्हणेल, ही वाइओलाचीच. मी पुरती ओळखून आहे साहेब लोकांना.”

साहेब लोकांपैकी एकालाही ती जन्मात भेटली नव्हती. सिलिआने वही पिशवीत ठेवली. आत्याला दुसऱ्यांदा सांगायचं नसतं, हे तिला पाळण्यातच शिकवलेलं होतं.

चूल पेटली. सामिसोनीच्या रानात साबुकंदाची चार झुडपं गवताशी भांडत उभी होती. कालोलाइनेने ती स्वतः उपटली. ओहोटीला गुडघे धरत खडकांवर गेली आणि शिंपल्या वेचून आणल्या. सकाळी साबुकंद आणि चहा, संध्याकाळी चहा आणि साबुकंद. पहिल्या दिवशी सिलिआने शिजण्याआधी कंद तोलले आणि जेवणानंतर उरलेले पुन्हा तोलले. उरलेले अर्धे होते.

“आत्या, एवढं शिजवता कशाला?”

कालोलाइनेने भांड्यात डोकावून बघितलं. दोघांचं शिजवलं होतं. “हात विसरला,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही हात विसरला. उरलेलं डुकराला गेलं, आणि डुकराचं वेगळं लिहावं लागतं असं सिलिआने सांगितल्यावर ती म्हणाली, “लिही. तोही जुना आहे, सामिसोनीच्या वेळचा.”

गावात मात्र भडका उडाला. आलेलं ताट परत जातंय म्हणजे काय? पाद्रीबाईंना वाटलं, आपल्या कालवणात मीठ जास्त पडत असावं. होडीवाल्यांना वाटलं, मागच्या मयताला आत्याला बसायला दिलेली चटई जुनी होती, त्याचाच राग. कालोलाइने प्रत्येकाला गोड हसून म्हणायची, “आज माझ्या चुलीवर आहे,” आणि ताट झाकलेलंच परत. आपण कुणाला दुखावतोय हे तिच्या गावीही नव्हतं. ती आपली धुराकडे बघत बसायची. ओली लाकडं असायची, धूर निळसर आणि जड. माडाच्या शेंड्यापर्यंत जाऊन तिथेच रेंगाळायचा. तिला फार बरं वाटायचं. पोटात मात्र कावळे ओरडायचे.

दुसरा आठवडा सुरू झाला आणि वाइओला आली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. ते तिने उंबऱ्यावर असं आदळलं की आतलं दूध उडालं.

“घे. नाहीतर तोंडावर सांग, माझ्या हाताला काय घाण लागलीय!”

“अगं वाइओला, तसं नाही. माझं घर मिटवतायत ते. घर आहे म्हणून दाखवायचंय.”

“घर?” वाइओलाने कमरेवर हात ठेवले. “चार वर्षं ताट आणतेय मी. पावसात आणलं, तापात आणलं. कधी तोंडातून काढलं नाही, आज काढते. तुझ्या घरातून माझ्या दारात या चार वर्षांत अळूचं एक पान तरी आलं का? घरातून ताट निघतं, कालो! नुसतं येतं ते घर नव्हे. ते…” पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला होता. आमच्याकडे तो फक्त अशा माणसाला लावतात ज्याला जगात कुणी नाही. तो तिने गिळला, ताट उचललं, आणि डोळे पुसत निघून गेली.

सिलिआ चुलीशी काटा धरून उभी होती. तिला जमिनीत शिरावंसं वाटलं. कालोलाइनेने उंबऱ्यावर उडालेलं दूध पुसलं. मग तिने भाचीला जवळ बसवलं.

“खरं सांग. माझं घर रेघेच्या वर आहे की खाली?”

“खाली, आत्या.”

“सामिसोनी होता तेव्हा?”

“दोन्ही वेळा वर. मी बघून आले होते.”

“आणि ही ताटं घेतली असती तर?”

“तर वरच. गावात बहुतेक सगळ्यांच्या वर.”

“हे आधी नाही का बोलायचं?”

“बोलले होते, आत्या.”

“मग जोरात बोलायचं!”

“तुमच्यापुढे?” सिलिआ म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं. हसता हसता कालोलाइनेचा श्वास लागला. भुकेने तिला आता लवकर दम लागायचा, हे सिलिआला दिसलं, आणि तिचं हसू थांबलं. “अजून थोडे दिवस आहेत,” ती घाईने म्हणाली. “मावशींची माफी मागा आणि ताटं घ्यायला लागा. सरासरी वर येईल. तुमचं घरही राहील आणि वरही राहील. यात लबाडी काही नाही, तुम्ही चार वर्षं जेवताय ते हेच तर आहे.”

कालोलाइनेने चुलीतलं लाकूड आत सारलं. सिलिआने काटा पिशवीत टाकला. उद्या आत्या ऐकेल असं तिला वाटत होतं, कारण या वेळी आत्याने ‘काही नको’ म्हटलं नव्हतं.

शनिवारी कालोलाइनेने कोंबड्या खड्ड्यातून हाकलल्या. ओंजळीने माती काढली, दगड एकेक करून उचलून पुन्हा रचले. भावाने धाडलेला मांसाचा डबा तिने पाहुण्यांसाठी जपून ठेवला होता, तो काढला. त्याच्या पैशांचं तसं काही उरायचं नाही. ते तिच्या घरात वाऱ्यासारखे यायचे, एका दाराने आत आणि दुसऱ्या दाराने चर्चच्या वार्षिक देणगीत. डबा तेवढा शिल्लक होता. रानातून अळूची पानं आली. शेवटचं कोनफळ आलं. तिने बाईमाणूस असून उमू मांडला हे पाहून रस्त्यावरचे दोघे थबकले, मदत करू का म्हणाले, आणि तिने त्यांना “चला, पुढे व्हा,” म्हणून पिटाळलं.

रविवारी उजाडताना तिने दगड तापवले. घंटा होण्याआधी चर्चकडे निघालेल्या लोकांना कालोलाइनेच्या परसातून धूर दिसला. ओला, निळा, आकाशात वाट चुकल्यासारखा हळूहळू वर जाणारा. पाद्रीबाई वाटेत उभ्याच राहिल्या. प्रार्थना चालू असताना कालोलाइनेचे डोळे नेहमीप्रमाणे मिटले, पण आज ती कुठे गेली नाही. ती मातीखालच्या दगडांचा विचार करत होती.

चर्चहून आल्यावर तिने सिलिआच्या देखत माती बाजूला केली. वाफेचा लोट आला आणि ओल्या पानांचा, मातीचा, नारळाचा वास घरभर भरला. कोनफळ अर्धंच शिजलं होतं. वरच्या फोडी मऊ, खालच्या कचकचीत कच्च्या. पानांत बांधलेलं मांस मात्र छान झालं होतं, म्हणजे जेवढं होतं तेवढं. कालोलाइने मांडी घालून बसली आणि निवडू लागली. मऊ फोडी एका बाजूला, कच्च्या दुसऱ्या बाजूला. मऊ फोडी आणि मांसाचं सगळं पुडकं तिने केळीच्या पानावर ठेवलं, कच्च्या स्वतःच्या ताटलीत सरकवल्या.

“हे वाइओलाचं. काटा काढ.”

“आज रविवार आहे, आत्या, देवाचा दिवस. काटा नाही काढता येणार.”

“मग हातात धरून बघ. उद्या आठवून लिही.”

सिलिआने दोन्ही तळवे पुढे केले. पान गरम होतं. आत्याच्या ताटलीतल्या कच्च्या फोडी तिला दिसत होत्या.

“हे घरातून गेलं, असं लिहितात ना?” कालोलाइनेने विचारलं.

“हो. आणि जे गेलं ते तुम्ही खाल्लेलं नसतं, म्हणून ते वजा होतं.” सिलिआ थांबली. मग जन्मात पहिल्यांदा ती आत्यापुढे जोरात बोलली. “आत्या, ऐका माझं. हे जितकं जड, तितकं तुमचं घर अजून खाली जाणार!”

कालोलाइनेने ताटलीत पाहिलं. कच्च्यांमध्ये चुकून एक मऊ फोड राहिली होती. ती उचलून तिने सिलिआच्या हातातल्या पानावर ठेवली.

“मग नीट धर,” ती म्हणाली. “नाहीतर उद्या हलकं लिहिशील.”